उसनं नेलेलं पिस्तूल

आमच्या क्लबात या एकाच बनावटीचं पिस्तूल तिघांकडे होतं. माझ्याकडे, काउंटरवरच्या डॉटीकडे आणि टायरवाल्या ड्वेनकडे. पूर्ण मापाचं, जड, आणि दुकानातलं सगळ्यांत स्वस्त. गुरुवारी सकाळी नेमबाजीची रेंज उघडली की आम्ही आपापली रड सांगायचो. डॉटी म्हणायची, चाप इतका लांब की ओढेपर्यंत कॉफी गार होते. ड्वेनचं पहिल्या दोनशे गोळ्यांत सारखं अडकायचं, पण एकदा सुधारलं ते पुन्हा कधी कुरकुरलं नाही. माझी तक्रार मॅगझिनची. त्यात पंधरा गोळ्या मावतात, पण शेवटच्या दोन घालताना आतली स्प्रिंग अंगठ्याला फोड आणते.

त्या दोन अर्लीन घालायची. माझी बायको. तिला गोळीचा आवाज सोसायचा नाही, म्हणून ती आत डॉटीजवळ बसून मॅगझिन भरून द्यायची. शाळेच्या स्वयंपाकघरात बावीस वर्षं पत्र्याचे हवाबंद डबे उघडून तिचे अंगठे तयार झाले होते.

लाइल जुना मित्र आणि क्लबातलाच, पण आमच्या तिघांतला नव्हता. त्याचं पिस्तूल आमच्या तिघांच्या मिळून किमतीचं. माझ्या पिस्तुलाला तो वीट म्हणायचा. म्हणायचा, "वेंडल, गोळ्या संपल्या की फेकून मार. ते काम ती उत्तम करेल." सहा वर्षं हेच ऐकत होतो. त्याने त्या विटेला कधी हातसुद्धा लावला नाही.

अर्लीन मार्चमध्ये गेली. दुखणं कळल्यापासून सात आठवडे. तिला पुरून आल्यानंतर एका सकाळी मी पिस्तूल साफ करायला तिजोरीतून काढलं आणि परत ठेवलंच नाही. स्वयंपाकघरातल्या टेबलावर, तिच्या जागेसमोर, ते फडक्यावर पडून असायचं. मी तिथेच टोस्ट खायचो. काय विचार करत होतो ते तपशिलात लिहायला नको. जगायचा कंटाळा आला होता, आणि रोज त्याच्यासमोर थोडा जास्त वेळ बसत होतो.

मासे धरायचे गळ मी ड्वेनला देऊन टाकले. डॉटीला विचारलं, मी कुठे गेलो तर बिस्किटला सांभाळशील का. बिस्किट म्हणजे आमचा कुत्रा. तिने विचारलं, कुठे जातोयस. मी म्हणालो, अजून ठरलं नाही.

मे महिन्यातल्या एका गुरुवारी सवयीने रेंजवर गेलो. तेरा गोळ्या भरल्या आणि बाकावर बसून राहिलो. एकही झाडली नाही. लाइल आला आणि शेजारी बसला.

"तुझी वीट दे की महिनाभर," तो म्हणाला. "माझं दुरुस्तीला गेलंय."

"तुझ्याकडे अजून चार आहेत."

"आहेत. पण मला तीच पाहिजे."

"तू तर तिला शिव्या घालतोस."

"चुकलो असेन."

हे शब्द चाळीस वर्षांत मी त्याच्या तोंडून ऐकले नव्हते. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही, नुसता हात पुढे केला. लाइल घाबरलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

मी मॅगझिन काढलं, नळी रिकामी असल्याचं त्याला दाखवलं आणि पिस्तूल त्याच्या हातात दिलं. ते हातातून गेल्यावर मला एकदम थकल्यासारखं झालं.

"घरात अजून काही?" त्याने विचारलं.

"हरणांच्या शिकारीची बंदूक आहे."

"तीही लागेल."

"हरणांचा हंगाम नोव्हेंबरात असतो, लाइल."

"मला सराव कमी आहे."

तो माझ्या गाडीमागून घरापर्यंत आला. बंदूक घेतली, तिजोरीत पुन्हा एकदा डोकावला, दोन टोस्ट खाल्ले आणि बिस्किटला फिरवून आणलं. जाताना म्हणाला, गळ ड्वेनकडून परत माग, रविवारी नदीवर जायचंय. मी हो म्हणालो. नाही म्हणायला अंगात बळ लागतं.

महिना झाला, दुसराही संपला. दर गुरुवारी तो मला पिस्तुलाची हकीकत सांगतो. चाप आता जरा मऊ झालाय. स्वस्तातल्या गोळ्याही निमूट खातं. त्याच्या स्वतःच्या पिस्तुलाची दुरुस्ती अजून झाली नाही म्हणतो, आणि मीही विचारत नाही. परवा त्याने अंगठा दाखवला. फोड आला होता.

"शेवटच्या दोन अर्लीन कशा घालायची रे?"

"मला नाही माहीत," मी म्हणालो. "कधी विचारलंच नाही."

"मग मीपण तेरावरच थांबतो," तो म्हणाला.

टेबलावरची ती जागा रिकामी आहे. तिथे काय ठेवावं ते अजून सुचलेलं नाही. सध्या पाव ठेवतो.