खरी नक्कल

वकिलातीच्या दप्तरखान्यातल्या बाईंना सगळे 'वाळवी' म्हणत. तोंडावर कोणी म्हणत नसे, पण त्यांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. कागदात शिरल्या की आरपार जाऊनच बाहेर पडायच्या.

त्या दिवशी दुपारी बाराला मोठ्या दालनात पितळी पाटीचं अनावरण होतं. दोन देशांच्या मैत्रीला शंभर वर्षं झाली, म्हणून आजवर इथे आलेल्या सतरा राजदूतांची नावं ओळीनं कोरायची होती. सकाळी नऊला कारागीर कोरायच्या यंत्रानं चौथ्या नावावर होता. निमंत्रणपत्रिकेवर सध्याच्या साहेबांच्या नावाखाली 'सतरावे राजदूत' असं ठसठशीत छापलेलं होतं.

या सतरांत एक माणूस नव्हता. चौथ्यानंतर आलेला राजदूत सातव्या दिवशी पहाटे झोपेतच गेला. राष्ट्राध्यक्षांच्या हाती अधिकारपत्र देण्याचा सोहळा त्याच दिवशी व्हायचा होता. पत्र दिलं नाही तर राजदूत नाही, असा नियम. त्याची मुलगी आता ऐंशीला टेकली होती आणि गेली वीस वर्षं पत्रं लिहीत होती, की ते राजदूतच होते असं आई मरेपर्यंत सांगायची, यादीत त्यांचं नाव घ्या. उत्तर ठरलेलं: मूळ पत्र आमच्याच फायलीत आहे, अर्थात ते दिलंच गेलं नाही. यातली शेवटची सहा उत्तरं बाईंनीच टाइप केली होती आणि दर वेळी त्यांना स्वतःचाच राग आला होता. आज त्या पत्रवाल्या मावशी मागच्या रांगेत बसायला येणार होत्या.

काचेच्या कपाटात मांडायचं म्हणून बाईंनी त्या पत्राचं पाकीट काढलं. त्यावर कोणीतरी कधीकाळी 'मूळ' असं लिहिलं होतं, आणि त्या एका शब्दावर विसंबून वाळवीनंही आत तोंड घातलं नव्हतं. आता कागद उलगडला तर खाली लाखेची मोहोर नाही. सही नाही. अगदी तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलेलं, 'खरी नक्कल'.

नव्या राजदूतानं आल्या दिवशी परराष्ट्र खात्यात नक्कल द्यायची आणि अस्सल कागद सोहळ्यासाठी जपायचा, ही रीत. प्रवासानं आंबलेल्या या भल्या माणसानं नेमकं उलटं केलं होतं. पत्र पेटीत टाकायला जावं आणि घराची किल्ली टाकून यावं, तसला प्रकार. मग अस्सल कुठे होतं?

त्या धावतच दालनात गेल्या आणि कारागिराला पाचवी ओळ कोरू नका म्हणाल्या. त्यानं मानही वर केली नाही. पाटी सतरा ओळींची आखलीय, अठरावी घुसवायची तर पुढची अक्षरं बारीक करावी लागतील, साडेदहापर्यंत थांबतो, मग मी सतरा कोरून मोकळा, असं त्यानं बजावलं. बाई तोवर फाटकाबाहेर पोचल्या होत्या.

परराष्ट्र खातं दोन गल्ल्या पलीकडे. तिथल्या म्हाताऱ्या दप्तरदारानं आधी अर्ज मागितला, मग तीन दिवस मागितले. बाईंनी अर्जाऐवजी त्याला चूक सांगितली. ती ऐकताच त्याचे डोळे असे लकाकले की बाई ओळखून चुकल्या, हाही आपल्याच जातकुळीचा. तो स्वतः शिडीवर चढला आणि 'आलेल्या नकला' असं लिहिलेलं गाठोडं त्यानं खाली घेतलं. दोघांनी मिळून धूळ खाल्ली. विसाव्या मिनिटाला लाल लाख दिसली.

मोहोर होती, सही होती. शिवाय कोपऱ्यात इथल्या राष्ट्राध्यक्षांचा शेरा होता, 'स्वीकारलं'. तारीख आल्या दिवसाची. टाचणीनं लावलेल्या चिठ्ठीत तेव्हाच्या मंत्र्यानं लिहिलं होतं, की पाहुण्यानं चुकून अस्सलच दिलं, त्याला संकोच नको म्हणून मीच संध्याकाळी वर नेऊन दिलं, सोहळा नंतर करू. बाईंना आनंदानं रडू यायला लागलं. दप्तरदार शिडीच्या खालच्या पायरीवर टेकला.

दहा वीसला त्यांनी साहेबांना फोन लावला. सापडलेलं सगळं एका दमात सांगितलं.

"म्हणजे मी अठरावा?"

"हो साहेब."

"पत्रिका तीनशे वाटून झाल्यात, बाई."

"त्या उद्या रद्दीत जातील साहेब. पितळ राहील."

साहेब हसले की खोकले ते कळलं नाही, पण कारागिराला निरोप गेला.

बाराला पडदा सरकला. वरची चार नावं गुटगुटीत आणि खालची सगळी रोडावलेली दिसत होती. साहेबांनी भाषणाच्या सुरुवातीलाच आपण अठरावे असल्याचं सांगून टाकलं, तेव्हा लोक पत्रिका उलटसुलट करून पाहू लागले. मावशींना कोणी काही सांगितलं नव्हतं, सांगायला वेळच मिळाला नव्हता. त्या मागून उठल्या, काठी टेकत थेट पाटीपाशी आल्या आणि पाचव्या ओळीवर बोट ठेवून त्यांनी नावापुढच्या दोन्ही तारखा वाचल्या, कारकीर्द सुरू झाल्याची आणि संपल्याची. मधे जेमतेम सहा दिवस.

शेजारी बाई उभ्या होत्या, केसांत अजून धूळ. मावशींनी त्यांचं मनगट घट्ट धरलं.

"म्हणजे आई खोटं बोलत नव्हती," त्या म्हणाल्या. "मीसुद्धा शेवटी तिला गप्प बस म्हणाले होते."