वाट्याला आलेल्या सीडी

दत्ताला आपल्या सीडींचं भारी कौतुक. शिरूरला एसटी स्टँडामागं दोघा भावांचं व्हिडिओ गेमचं दुकान होतं, चार कॉम्प्युटरचं. भिंतीवरच्या फळीवर ओरिजनल गेमच्या डब्या ओळीनं उभ्या असायच्या. एकेक डबी दत्तानं स्वतः पुण्याला जाऊन, उलटीसुलटी करून, नीट बघून आणलेली. गिऱ्हाईक आलं की हा डबी उघडणार, सीडी कडेला धरून शर्टाला पुसणार आणि मगच मशीनमध्ये घालणार. सीडी आत नसली की गेम चालूच व्हायचा नाही, त्यामुळं फळीचा मालक तोच दुकानाचा मालक, असं त्याचं साधं गणित.

थोरल्या भावाला घरदार आणि अख्खं गाव आण्णाच म्हणायचं. आण्णाला हे सगळं सोंग वाटे.

"आरं, रोज घालून-काढून चरं पडत्यात तिला," तो म्हणायचा. "सगळं हार्ड डिस्कमदी भर एकदाचं आन् डब्या दे भंगारात."

"आन् डिस्क उडाली म्हंजी? हातात धरता येतं तेच आपलं."

"मशीनमदी हाय तेच आपलं. तू बस पुशीत."

हे रोजचंच होतं, आणि त्यात विष नव्हतं. भांडता भांडता एका ताटात जेवायचे दोघं. पण पुढं दोघांची लग्नं झाली आणि त्या एवढ्याशा दुकानावर दोन संसार चालेनात. घरात भांड्याला भांडं लागायला लागलं, तेव्हा इनामगावहून हौसरावमामांना बोलावलं. मामा म्हणजे दोघांच्या आईचा भाऊ, सगळ्या भावकीच्या वाटण्या त्यांच्याच समोर झालेल्या.

आपल्याकडं वाटणीची रीत कुणाला सांगायला नको. थोरल्यानं वाटे घालायचे, धाकट्यानं आधी उचलायचा. वाटे घालणाऱ्याला वाटतं, वाईट वाटा आपल्याच गळ्यात पडला तर? म्हणून तो झक मारत सारखे घालतो. पिढ्यान् पिढ्या रानं, बैलं, विहिरीतलं पाणी याच रीतीनं वाटलं गेलं आणि कुणी कुणाला फसवू शकलं नाही. ज्यानं कुणी ही रीत काढली तो हुशार खराच. पण त्या बिचाऱ्यानं कॉम्प्युटर कुठं बघितला होता!

आण्णानं वाटे घातले. एका बाजूला फळीवरच्या सगळ्या सीडी आणि दोन कॉम्प्युटर. दुसऱ्या बाजूला दुकानाचा गाळा आणि उरलेले दोन कॉम्प्युटर.

"उचल दत्ता," मामा म्हणाले.

दत्ताचा जीव खालीवर झाला. गाळा मोक्याचा होता, सोडवत नव्हता. पण गेमच नसतील तर मोकळ्या गाळ्यात बसून माशा मारायच्या का? त्यानं सीडीच्या वाट्यावर हात ठेवला. ठेवला आणि लगेच त्याला आण्णाची कणव आली. भावाला आपण उघडं पाडलं, असं वाटून तो पार विरघळला.

"आण्णा, क्रिकेटची तेवढी डबी ऱ्हाऊ दे तुला."

"न्हाई रं बाबा. वाटा म्हंजी वाटा. तुझी एक बी डबी नगं मला."

हे ऐकून मामांच्या डोळ्यांत पाणी आलं. दत्ता तर आण्णाच्या पायाच पडला.

एकाच गोष्टीची त्याला हळहळ लागली. त्या क्रिकेटच्या गेममध्ये खेळाडूंची नावं बदलता यायची. वडील हरिबा, म्हणजे दोघांचे आबा, वारले त्या वर्षी दत्तानं बसून गावाची टीमच केली होती. कॅप्टन हरिबा, कीपर हौसराव, बाकी सगळी भावकी. ती टीम एक नंबरच्या मशीनमध्ये होती आणि ते मशीन आण्णाच्या वाट्याला गेलं. असू दे, त्यानं मनाची समजूत घातली, सीडीबिगर ती टीम तिथं झोपूनच राहणार, पण आबा थोरल्याच्या घरी आहेत, हे बरंच झालं.

दौंड हे त्याच्या बायकोचं, मोनालीचं माहेर. तिथं स्टेशनच्या अलीकडं भाड्याची खोली घेऊन त्यानं दुकान टाकलं. कुरकुंभच्या कंपन्यांतली पोरं शिफ्ट सुटली की यायची, त्यात यूपी-बिहारचीही असायची. सुरुवातीला बसायला जागा नसायची. मग हळूहळू सीडींना चरे पडले. ऐन रंगात आलेला गेम मध्येच अडकायचा, पोरं ओरडायची, दत्ता सीडी काढून पुसायचा, परत घालायचा, परत अडकायचा. नवी आणायची तर तो गेम आता पुण्यातही मिळेना. गिऱ्हाईक पातळ झालं. एक दिवस एक पोरगा उठता उठता म्हणालाच, "भैया, आपका सीडी बहुत अटकता है. उधर कुरकुंभ में नया खुला है, उसके यहाँ सब मशीन में ही है. सीडी का झंझट नहीं."

"जाऊन बघा तरी एकदा," मोनाली म्हणाली. तिला दिवस गेले होते आणि दुकानावरच सगळी भिस्त होती. "हितं बसून काय हुनार हाय?"

दत्ता गेला. दुकान गच्च भरलेलं. तो गिऱ्हाईक होऊन एका कोपऱ्यात उभा राहिला. समोरची पोरं क्रिकेट खेळत होती. चांगलं चाललंय, सीडी नाही, काही नाही, असं म्हणत त्यानं पडद्याकडं बघितलं आणि पुढं सरकून नावं वाचायला लागला. कॅप्टन हरिबा. कीपर हौसराव. पुढं सगळी भावकी, त्यानं लिहिली तशीच.

"ए, ह्या हरिबाला काढ रं भाईर," एक पोरगं खेकसलं. "लई फालतू हाय बेणं. परत शून्यावर ग्येलं!"

दत्ताचे कान तापले. त्या पोराच्या कानाखाली आवाज काढावा असं वाटलं, पण त्याची तरी काय चूक? त्यानं दुकानदाराला विचारलं, "डिस्क कुठनं आणली?"

"शिरूरवरनं. स्टँडामागं आण्णा म्हणून हायेत. ते सगळ्यांना भरून देत्यात."

मग मात्र दत्ताला काही शिकवावं लागलं नाही. वाटणी झाली त्या दिवसापासून सीडी त्याच्या ताब्यात होत्या. म्हणजे वाटे घालायच्या आधीच आण्णानं त्यांची नक्कल मशीनमध्ये उतरवून घेतली होती. सीडी न घालता चालेल अशी. आणि मग वर तोंड करून म्हणाला होता, तुझी एक बी डबी नगं मला!

दत्ता सरळ इनामगावला गेला, मामांना घेतलं आणि शिरूरला आण्णापुढं नेऊन उभं केलं. सगळं सांगितलं.

मामांनी शांतपणे ऐकून घेतलं. "आण्णा, ह्याची डबी उचललीस का एखादी?"

"आईची आण, न्हाई."

"तुझ्या डब्या तुझ्याकडं हायेत का रं दत्ता?"

"हायेत. पण मामा—"

"मग? बांध कोरला न्हाई, पाणी तोडलं न्हाई. न्हेलं काय त्यानं तुझं?"

"आवं, दोन्ही वाटं त्याचंच व्हतं!" दत्ता ओरडला. "मी कुठलाबी उचलला आसता तरी गेम त्याच्याकडं ऱ्हायलंच आसतं!"

"येडा का खुळा तू? एक वस्त दोघांकडं आसती व्हय? तूच उचललास, आता कुरकुर नगं." मामा धोतर झटकून उठले आणि गाडी चुकेल म्हणून निघून गेले. म्हातारा लबाड नव्हता. त्याच्या डोक्यात ते शिरतच नव्हतं, आणि दत्ताला ते सांगता येत नव्हतं.

दोघंच राहिले. मागं पोरांचा गलका चाललेला.

"निदान आबांचं नाव तरी काढायचं व्हतंस," दत्ता म्हणाला. "पोरं शिव्या घालत्यात त्यांना तिकडं."

आण्णाला ते माहीत नव्हतं, एवढं त्याच्या तोंडावर दिसलं. "आता कुठं कुठं काढू? केडगावला दिली, कुरकुंभला दिली. त्यांनी आनिक कुणाकुणाला दिली आसंल. हितलं पुसलं म्हणून तिकडलं पुसतंय व्हय?"

मग त्यानं खण उघडून कागदात गुंडाळलेली एक हार्ड डिस्क काढली आणि पुढं केली.

"घे. तुझ्या सीडी अडकत्यात, आलंय माझ्या कानावर. भाऊ हायेस, तुझ्याकडनं काय घ्यायचं मी?"

दत्ताला वाटलं, ती डिस्क उचलावी आणि ह्याच्या टाळक्यात घालावी. आपल्याच घरात चोरी करून त्यातलं चिमूटभर आपल्यालाच दान करतोय हा भामटा, तेही हसतमुखानं. तोंडावर थुंकायला पाहिजे होतं. पण डोळ्यांपुढं दौंडची रिकामी खोली आली आणि दारात वाट बघत उभी राहिलेली मोनाली आली. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्याला. त्यानं हात पुढं केला.

दोन आठवड्यांत दौंडचं दुकान परत भरलं. आण्णानं डिस्क दिली, यापलीकडं मोनालीला त्यानं काही सांगितलं नव्हतं. सांगणार काय? तिनं एकदा पोरांनी भरलेल्या खुर्च्या बघितल्या, पदर सावरला आणि म्हणाली, "आण्णांनी लाज राखली हो आपली. भाऊ म्हणून पाठीशी उभं ऱ्हायलं. ह्या दिवाळीला त्यांना जेवायला बोलवा."

"बोलवू," दत्ता म्हणाला.