पाव देणारं घर

पाळक शारोल्ताबाईंनी चर्चमधल्या मेजावरच्या पावावरचं पांढरं कापड काढलं, त्याची घडी घातली, मोडली आणि पुन्हा घातली. आता नाव सांगायचं होतं. नव्या गव्हाच्या प्रभुभोजनाचा पाव गावातल्या एखाद्या घरानं द्यायचा, पाळकांनी त्या घराचं नाव घ्यायचं आणि मंडळीनं उभं राहून त्या घरातल्या एकेका माणसासाठी प्रार्थना करायची, ही इथली जुनी रीत.

या खेपेला एकही घर पुढं आलं नव्हतं. महिनाभर बाई दारोदार फिरल्या. कुणाचे गुडघे धरले होते, कुणाची भट्टी ढासळली होती, कुणाची सून जर्मनीहून यायची होती ती आलीच नव्हती. आरोनकाकांनी तर विचारायच्या आधीच मान हलवली. घंटा वाजवायची असो की आवारातलं गवत कापायचं असो, त्यांची पाठ ऐन वेळी धरायची. पण दोष तरी कुणाला द्यायचा? मुलं बुडापेस्टला गेली, मागं उरली अकरा म्हातारी डोकी. शेवटी काल दुपारी बाईंनी स्वतःच पीठ मळलं.

वरिष्ठ पाळकांचं पत्र स्पष्ट होतं. गावातलं एकही घर पाव देत नसेल, तर यापुढं प्रभुभोजन डोंगरापलीकडच्या गावात होईल. इथलं चर्च फक्त अंत्यविधीपुरतं उघडायचं. एखादं नाव ठोकून द्यावं, असं सकाळपासून बाईंच्या मनात घोळत होतं. पडताळायला कोण येणार होतं? पण समोर पाव ठेवलेला असताना खोटं बोलायला जीभ रेटेना.

"हा पाव कुणी दिलेला नाही," त्या म्हणाल्या. "मीच भाजलाय. वर तसंच कळवणार आहे. इथलं हे शेवटचं प्रभुभोजन."

पुरुषांच्या बाजूला तिघेच होते. ते आपापल्या बुटांकडं बघत राहिले. बाईंना रडू येत होतं आणि त्या रडण्याची लाजही वाटत होती.

पहिल्या बाकावर रेबेकामावशींनी काठी आपटली. बाईंना गावात येऊन एकोणीस वर्षं झाली तरी 'त्या बाहेरच्या' म्हणणाऱ्यांत मावशींचाच आवाज सगळ्यांत मोठा असे.

"तुम्ही राहता कुठं, पाळकबाई?"

"म्हणजे?"

"एकोणीस वर्षं तुमच्या धुराड्यातून धूर निघताना बघतेय मी. ते घर गावातलं नाही, तर काय आभाळातलं?"

स्वतःच्या घरासाठी पाळकांनी स्वतःच प्रार्थना कशी करायची, हे मात्र कुणाला ठाऊक नव्हतं. तेवढ्यात पाठीवर हात ठेवून आरोनकाका उठले.

"घरात कोण कोण असतं?" त्यांनी विचारलं.

"मी एकटीच."

मंडळी उभी राहिली. "देवा, या घरातल्या शारोल्ताला सांभाळ," काका म्हणाले आणि थांबले. एका नावात प्रार्थना संपली होती, पण कुणी बसेना. काकांनी घसा साफ केला.

"रेबेकाला सांभाळ," ते म्हणाले. "मार्ताला. यूलियाला."

बायकांच्या बाजूची सगळी नावं घेऊन झाली, मग पुरुषांची दोन झाली, आणि आमेन म्हणून काका मोकळे झाले.

"आणि आरोनला," रेबेकामावशी म्हणाल्या. "कामचुकार आहे, पण घरातला आहे."