चौतीस मिनिटं

छबुबाईंचे हात पिठात तसेच राहिले. फोनवर पुण्याहून लेक सायली भरभरून बोलत होती आणि इकडे युसूफ वडगाव या गावी स्वयंपाकघरात तिच्या आईच्या कपाळाची शीर ताडताड उडत होती.

"आई, अण्णांनी काल पाच किलोमीटर चौतीस मिनिटांत काढले! ट्रेकवाल्यांनी साठीच्या माणसाला चाळीस मिनिटं दिलीत. उद्या महिन्याभराची नोंद पाठवली की झालं. वीस दिवसांनी आम्ही दोघं हिमालयात."

"काल किती वाजता पळाले म्हनलीस?"

"संध्याकाळी सातला. त्यांच्या हातातल्या घड्याळातनं माझ्या फोनवर थेट दिसतं ना."

छबुबाईंनी फोन ठेवला. रोज पळायला म्हणून घराबाहेर पडणारे सायलीचे अण्णा, विठ्ठलराव, काल सात वाजता मारुतीच्या पारासमोर, सप्ताहाच्या कीर्तनात, पहिल्या रांगेत टाळ घेऊन बसले होते. नुसते बसले नव्हते. बुवांनी निरूपण थांबवून त्यांना उभं केलं होतं. "या वयात रोज पळून देह झिजवतात, बर्फाच्या डोंगरावर जाणार आहेत," म्हणून मांडवाला टाळ्या वाजवायला लावल्या होत्या. वर नारळ दिला. बायकांच्या घोळक्यात बसलेल्या छबुबाईंच्या डोळ्यांना तेव्हा पाणी आलं होतं. कीर्तनात त्यांना पाणी यायचंच, पण ते देवासाठी असायचं. काल नवऱ्याच्या कौतुकानं आलं होतं. देवाच्या मांडवात आपण खोट्यासाठी रडलो, हे मनात आलं आणि, नवऱ्याच्या नावावर दुसरं कोण राबतं हे ठाऊक असल्यानं, त्या तशाच पिठाच्या हातानं गोठ्याकडे निघाल्या.

गोठ्यात अभिमन्यू वैरण टाकत होता. चाळिशीचा गडी, ऊसतोडीवरून आला की उन्हाळाभर यांच्याच शेतावर राबायचा. घड्याळ त्याच्याच मनगटावर होतं.

"का म्हून पळत होतास रे?"

अभिमन्यूनं आधी घड्याळ झाकलं, मग झाकून काय उपयोग म्हणून सोडून दिलं. "मालक म्हनले, अभ्या, बैल पाण्यावर न्यावा तसं रोज एवढं घड्याळ फिरवून आण. म्या आपलं तळ्यापस्तोर जाऊन येतो."

"दिवसभर राबून?"

"त्येचं काय न्हाई, आक्का. पयल्या दिवशी पंचवीस मिंटं आली. मालक खवळले. म्हनले, लोकास्नी पटंल असं पळ की! तवापासून लई दमानं पळतोय."

एरवी छबुबाई यावर पदर तोंडाला लावून हसल्या असत्या. आज त्यांनी त्याच्यासमोर हात पसरला. "सोड ते घड्याळ."

विठ्ठलराव ओसरीवर चहा फुंकत होते. घड्याळ बशीत खणकन पडलं.

"अवो, तुमी काल मांडवात व्हता का तळ्यावर?"

त्यांनी बशीकडे पाहिलं. "एवढं काय त्यात? त्यांना कागद पाहिजे, कागद दिला. चालायचंय तर मीच चालणार हाय ना?"

"बंधाऱ्याच्या श्रमदानाच्या टायमालाबी तुमी हेच म्हनला. टिकाव धरून फोटू काढला आन् घरी आला. सप्त्यात वीणेच्या पहाऱ्याला फळ्यावर नाव तुमचं, रातभर उभा अभिमन्यू. म्या तवाबी गप बसले. तिथंच चुकलं माझं."

"हळू बोल, शेजारी ऐकत्यात."

"ऐकू द्या! काल आख्ख्या गावानं टाळ्या वाजवल्या, आज खरं ऐकू द्या. वर हवा इरळ असती म्हनं. तिथला वाटाड्या हे चौतीस मिंटं बघून तुमाला चढवणार. तिथं अभिमन्यू तुमच्यासाठी श्वास घेणार हाय का? तुमी पडला तर माझी लेक तुमाला सोडून खाली येईल का वो? ती बसंल तिथंच, बर्फात, तुमचं डोकं मांडीवर घेऊन!"

विठ्ठलरावांचा चहा निवला.

दुसऱ्या दिवशी दिवस उगवताना छबुबाईंनी स्वतः ते घड्याळ नवऱ्याच्या मनगटाला आवळलं आणि फाटक उघडलं. "जावा. तळं गाठा आन् या. म्या हितंच उभी हाय."

"लोक हासतील गं."

"हासू द्या."

ते गेले. मारुतीच्या पारापर्यंत पळाले, पुढे चालले, ओढ्याजवळ बसले. अभिमन्यू पाण्याचा तांब्या घेऊन मागं जायला निघाला, तर छबुबाई कडाडल्या, "त्यांचं त्यांना करू दे!" तोंडानं असं म्हणाल्या खऱ्या, पण रस्त्यावरची नजर एकदाही हलली नाही, आणि ओठांवर विठ्ठलाचं नाव चालूच होतं.

विठ्ठलराव आले ते कमरेवर हात ठेवून. घड्याळात अठ्ठावन्न मिनिटं. छबुबाईंनी फोन लावून त्यांच्या कानाला धरला.

"सायली," ते धापा टाकत म्हणाले, "अठ्ठावन्न. ती चौतीस माझी न्हवती बाळा, अभिमन्यूची व्हती. आधीचीबी सगळी."

पलीकडून सायलीचा आवाज आला, चिरका. "अण्णा, मी मैत्रिणींना दाखवत होते ते आकडे! तुम्ही पडला असतात तर मी काय केलं असतं तिथं? तुमचं नाव मी आजच काढतेय. मी एकटी जाईन." फोन बंद झाला.

विठ्ठलराव जोत्यावर बसले. घामाचा सदरा पाठीला चिकटलेला, डोळे जमिनीवर. छबुबाईंनी देव्हाऱ्यातला कीर्तनातला नारळ आणून त्यांच्या मांडीवर ठेवला.

"ह्यो ज्याचा हाय त्याला देऊन या."

गोठा वीस पावलांवर होता. ती वीस पावलं जायला विठ्ठलरावांना तळ्यापेक्षा जास्त वेळ लागला. त्यांनी दोन्ही हातांनी नारळ पुढे केला. अभिमन्यूनं आधी हात धोतराला पुसले, मगच घेतला.

"मालक, उद्यापासून घड्याळ ऱ्हाऊ द्यायचं का?"

"न्हाई. उद्या मीच पळतो. तू पुढं ऱ्हा. आन् दमानं पळू नगंस बे."

अभिमन्यूला हसू फुटलं. दारातून छबुबाई ओरडल्या, "दात काढू नगा दोघं! माझा राग अजून उतरला न्हाई. आन् अवो, तुमाला सप्त्याच्या शेवटी काल्याला बुवांसमोर उभं राहून हेच सांगायचंय अजून."

आणि पाय आपटत आत जाऊन त्यांनी दोघांसाठी ताजी भाकरी टाकली.