बादलीच्या तळाशी गेलेले बी

मी एक जुनी सायकस आहे. मित्रांनो, महाविद्यालयाच्या फाटकाशी उभी राहून आता मी कंटाळले आहे. येणारे-जाणारे मला ताडाचे पिल्लू समजतात. समजोत बापडे! माझे कूळ जगातल्या पहिल्या फुलापेक्षाही जुने. मला फूल नाही, फळ नाही. माझ्या बिया लोकरीसारख्या तपकिरी पानांच्या कडेला उघड्याच बसतात.

आमच्यात नर झाड वेगळे, मादी वेगळी. मी मादी, आणि या गावात नर एकही नाही. दोन-तीन वर्षांतून एकदा माझ्या डोक्यावर बीजांडे धरतात. प्रत्येकाच्या टोकावर मी पाण्याचा एक थेंब ठेवते. परागकण त्यात अडकतो, आत रुजतो आणि त्यातले नरबीज पोहत जाते. शेवाळी आणि नेचे यांची ही जुनी रीत आम्ही अजून सोडलेली नाही. पण माझ्याकडे पराग कधी आलाच नाही. बिया मोठ्या झाल्या, लाल झाल्या आणि पोकळ निघाल्या. मुलांना गोट्या खेळायला तेवढ्या उपयोगी पडल्या.

वनस्पतिशास्त्राच्या बाईंना माझी कीव आली. निवृत्तीआधी हिचे एक तरी रोप पाहायचेच, असे त्यांनी मनावर घेतले. दूरच्या बागेतून कागदाच्या पुडीत पराग मागवला आणि शिडीवर चढून कुंचल्याने मला लावला. मी किती हरखले म्हणून सांगू!

दुसऱ्या दिवशी बाईंनी वर पाहिले.

"दादा, हिच्या डोक्यावरचं पिवळं कुठं गेलं?"

"ती धूळ होय?" माळीदादा म्हणाले. "सकाळीच नळी लावून लख्ख धुतली. तुमचं लाडकं झाड, असं कळकट बरं दिसतं का?"

बाई शिडीच्या पायरीवर मटकन बसल्या. सगळे समजल्यावर दादांचा चेहरा एवढासा झाला. मला रागवायचे होते, पण जीव लावणाऱ्यावर रागवायचे तरी कसे? त्या वर्षीही बिया पोकळच निघाल्या.

पुढचा बहर आला तेव्हा बाईंचे नोकरीचे शेवटचे वर्ष होते. या वेळी कुंचला दादांनी धरला. नळी त्यांनी गुंडाळून कोठीत ठेवली आणि कोठीला कुलूप घातले.

बिया पिकल्या तोवर बाई निवृत्त झाल्या होत्या; त्या घरून आल्या. पोकळ बी पाण्यावर तरंगते, म्हणून दादांनी बादली भरली. एकेक बी टाकले. सगळ्या तरंगल्या. मग शेवटच्या मुठीतले एक बी सरळ तळाशी गेले.

"बुडालं, बाई! बुडालं!" दादा ओरडले. बाई डोळे पुसायचेही विसरल्या.

ते बी आता माझ्या सावलीत कुंडीत आहे. कोंब यायला कित्येक महिने लागतील. मी थकले आहे; तो पाहायला असेन की नाही, ठाऊक नाही. मित्रांनो, माती उकरून पाहू नका. माया करा, पण आधी समोरच्याला काय हवे ते बघा.

दादा रोज पाण्याचा डबा घेऊन कुंडीपाशी येतात, बोटाने माती चाचपतात आणि बहुतेक वेळा भरलेला डबा तसाच परत नेतात.