भाऊजींच्या उजव्या डोळ्यातली फरशी

माझ्या ताईचा नवरा फरशीवर गाल टेकवून पालथा पडला की समजावं, आता माझा पाणउतारा होणार. आम्ही दोघं टाइल्स बसवतो. म्हणजे मी बसवतो. भाऊजी पालथे पडतात. डावा डोळा मिटून उजव्याने सांध्याच्या रेघेवरून थेट पलीकडच्या भिंतीपर्यंत बघतात आणि निकाल देतात. ते सरळ म्हणाले की सरळ. दोरी, लेव्हल वगैरे आमच्यासारख्या पामरांसाठी.

आणि खरं सांगायचं तर तो डोळा होताच तसा. त्याच्याच जोरावर आम्हाला कामं मिळायची.

पण गेले काही महिने त्या डोळ्याला माझं एकही काम पसंत पडेना. "ही लाट कसली आणलीस मध्येच?" म्हणत भाऊजी रबरी हातोडीने टाइल ठोकायचे, सरकवायचे, पुन्हा पालथे पडायचे आणि खूश होऊन उठायचे. गंमत म्हणजे लाट मला त्यांनी टाइल सरकवल्यावर दिसायला लागायची! पण बोलायची सोय कुठे? एकदा बोललो, तर म्हणाले, "तुला तुझ्या ताईकडे बघून कामावर ठेवलंय, तुझ्या नजरेकडे बघून नाही." तळपायाची आग मस्तकात गेली. त्यात त्यांचा लांबचं बघायचा चष्मा सुटला होता, म्हणून अंगात नवाच माज आला होता. "माझा उजवा डोळा तरुण होत चाललाय," असं भेटेल त्याला ऐकवायचे. मला मात्र त्यांनी बजावलं होतं, "हे काम संपलं की तू तुझा मार्ग बघ."

हे काम म्हणजे एका दंतवैद्याच्या नव्या दवाखान्याची फरशी. मीही हट्टाला पेटलो. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोरी बांधली आणि तिला धरून टाइल्स लावल्या. म्हटलं, आता काढा खोट.

भाऊजी पालथे पडले. "दोरी ढिली आहे."

मी ताणली.

"अजून ढिली आहे. पोटात झोल दिसतोय तिच्या."

आणखी ताणली. मग तेच उठले, दोरी ओढली, आणि ती तुटून फटकन माझ्या कानावर बसली. कान लालबुंद! माझं डोकंच फिरलं.

"अहो, एवढी ताणलेली दोरी वाकडी असेल कशी? त्या दुसऱ्या डोळ्याने बघा की जरा!"

"त्याला काय कळतंय फरशीतलं?"

पण दोरी पुन्हा बांधल्यावर झोपले एकदाचे. आता पंचाईत अशी झाली की उजवा डोळा त्यांना एकट्याला मिटताच येईना. जन्मभर मिटायचं काम डाव्याकडे होतं. उजवा मिटायला गेले की दोन्ही मिटायचे आणि तोंड लिंबू चावल्यासारखं व्हायचं. शेवटी मी त्यांची टोपी त्या डोळ्यावर ओढली.

भाऊजींनी टोपी वर केली. खाली केली. पुन्हा वर, पुन्हा खाली.

"डावा डोळा खोटं बोलतोय," ते म्हणाले. "अगदी तुझ्यावर गेलाय."

मी तडक ताईला सांगितलं. बाहेर भाऊजींचा कितीही दरारा असो, ताईपुढे त्यांचं काही चालत नाही. तिने त्यांना दुसऱ्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरबाईंकडे नेलं. मीही गेलो. खरं म्हणजे भाऊजींची फजिती बघायला गेलो.

बाईंनी त्यांची हनुवटी यंत्रावर टेकवली, आतल्या खुणेकडे बघायला सांगितलं आणि डोळ्याच्या पडद्याचा स्कॅन काढला. डाव्या डोळ्याचे थर संगणकावर कसे नीट एकावर एक बसलेले दिसले. उजव्याचे मात्र पत्र्याच्या छपरासारखे वरखाली, वरखाली.

भाऊजींनी चष्म्याशिवाय निरखून पाहिलं आणि विचारलं, "ही कोणी बसवली हो?"

मला हसू आवरेना. बाईही हसल्या. म्हणाल्या, "पडद्याला आणि त्याच्या खालच्या अस्तराला चुण्या पडल्यात. म्हणून सरळ रेघ वाकडी दिसते. याची कारणं बरीच असतात. कुणाचा डोळा जन्मापासूनच आखूड असतो. कधी ऑपरेशननंतर डोळ्यातला दाब फार उतरतो, कधी डोळ्याच्या भिंतीला सूज येते. तुमचं डोळ्याचं काही झालंय का पूर्वी?"

"छे! उलट नंबर गेला माझा," भाऊजी छाती फुगवून म्हणाले. "फक्त उजव्याचा."

बाईंचं हसू मावळलं. त्यांनी भाऊजींना समोर बसवून दोन्ही डोळे वरून, बाजूने न्याहाळले. उजवा किंचित पुढे आला होता. रोज त्यांचं तोंड बघणाऱ्या आम्हा दोघांना ते कधी जाणवलंच नव्हतं.

"मागून काहीतरी डोळ्याला दाबत असावं," बाई म्हणाल्या. "डोळा चपटा झाला की मायनस नंबर उतरतो. माणसाला वाटतं, नजर सुधारली."

ताईने माझा हात घट्ट धरला. भाऊजींच्या पापणीवर जेल लावून सोनोग्राफी झाली, मग एमआरआय झाला. डोळ्याच्या मागे एक गोल, गुळगुळीत गाठ होती. कर्करोगाची वाटत नव्हती, पण नजरेच्या नसेला खेटून बसली होती. काढली नाही तर डोळा जाणार. काढताना नसेला धक्का लागला तरी जाणार.

"म्हणजे फरशी चांगली आहे," भाऊजी हळूच म्हणाले, "खालून कोणीतरी ढकलतंय."

"अगदी तसंच," बाई म्हणाल्या.

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता माफी मागतात. म्हणाले, "तरी त्या दंतवैद्याकडचा कोपरा तू बिघडवलास तो बिघडवलासच."

ऑपरेशनच्या दिवशी मात्र हा सगळा तोरा उतरला. स्ट्रेचरवरून आत नेताना ते मला म्हणाले, "उजवाच आहे ना रे? त्यांना नीट सांगितलंस ना?" त्या डोळ्याने मला कितीदा शिव्या घातल्या असतील, पण तो गेला तर भाऊजींचं काय उरणार? बाहेरच्या बाकावर बसून मी लहान मुलासारखा रडलो. ताई माझी समजूत घालत होती. खरं म्हणजे मी तिची घालायची.

गाठ निघाली. साधीच होती, रक्तवाहिन्यांचा गुंता. डोळा वाचला. पण नंतरच्या स्कॅनमध्ये काही चुण्या तशाच दिसल्या. बाई म्हणाल्या, "कमी झाल्यात. आणखी होतील. पण थोड्या कायमच्या राहतील, तयारी ठेवा." भाऊजींनी मान डोलावली.

त्यानंतरचं पहिलं काम एका घरातलं स्वयंपाकघर. मला काढायची गोष्ट भाऊजींनी पुन्हा काढलीच नव्हती. मी टाइल्स लावल्या. भाऊजी सवयीने पालथे पडले, डावा डोळा मिटला आणि बघत राहिले. बराच वेळ. मग उठून त्यांनी गुडघे झटकले.

"झोप," ते म्हणाले.

"कोण? मी?"

"इथे दुसरं कोण आहे?"

मी गाल टेकवला. गार लागली फरशी. रेघ सरळ जात होती, जात होती, आणि खिडकीजवळ एका टाइलने नखाएवढी मान बाहेर काढली होती.

"बोल. सरळ आहे?"

हो म्हटलं असतं तर त्या घरात कुणाला काय कळणार होतं? भाऊजींना तर नाहीच. 'हो' अगदी जिभेच्या टोकावर आलं होतं.

"वाकडी आहे," मी म्हणालो. "खिडकीजवळची."

"कोणी बसवली?"

"मी."

आता ऐकून घ्यायचं म्हणून मी डोळे मिटले. उघडून बघतो तर भाऊजी रबरी हातोडी घेऊन खिडकीपाशी जाऊन बसले होते. उचललेली हातोडी तशीच धरून माझ्या तोंडाकडे बघत होते.

"अरे, बोल की लवकर," ते खेकसले. "कुठे सरकवू? डावीकडे का उजवीकडे?"