निवृत्त देवी

आत्याला देव या विषयाचंच वावडं. तिनं हयातभर शाळेत गणित शिकवलं, आणि जे सिद्ध करता येत नाही ते फळ्यावर लिहायचं नाही, हा तिचा खाक्या. कुणाच्या घरी प्रार्थना सुरू झाली, की आत्या चपला पायात सरकवून बाहेर पायरीवर जाऊन बसायची. प्रार्थना संपली की जेवायला मात्र सगळ्यांत आधी आत.

तिची भाची वस्तुसंग्रहालयात अधिकारी होती. पन्नाशीला टेकलेली, चष्मेवाली, हाताखाली माणसं असलेली बाई. पण आत्या तिला चारचौघांत 'बबडे' म्हणून हाक मारायची, त्यामुळे हाताखालची माणसंही पाठीमागे तिला 'बबडीबाई' म्हणत. या बबडीबाईंनी खपून खपून एक नवं दालन उभं केलं होतं. माणसानं आजवर कशाकशावर श्रद्धा ठेवली ते दाखवणारं. तिथे जुने दिवे होते, घंटा होत्या, जपमाळा होत्या, नाचाचे मुखवटे होते, मेलेल्या माणसाला पैलतीरी नेणाऱ्या चिमुकल्या होड्या होत्या. सूर्याला पुजणारे, एकच ईश्वर मानणारे आणि ईश्वर नकोच म्हणणारे, सगळे एका छपराखाली गुण्यागोविंदानं नांदत होते.

"आत्या, नुसतं बघायला ये. पाया पड असं कोण म्हणतंय?" भाची म्हणाली.

"येते. पण एक खुर्ची ठेव. माझे गुडघे दुखले तर तुझे देव थोडेच चोळणार आहेत!"

खुर्ची ठेवायला जागा मिळाली ती अगदी शेवटच्या कोपऱ्यात. समोरच्या काचेच्या कपाटात वीतभर उंचीची मातीची एक बाई होती. नाक झिजलेलं, हात पोटावर ठेवलेले, जेवण उरकून नुकतीच टेकल्यासारखी. खाली पाटी होती: 'चुलीची राखण करणारी देवी. हिला पुजणारे लोक हजारो वर्षांपूर्वी नाहीसे झाले. नाव माहीत नाही.'

आत्यानं पाटी वाचली. चष्मा पुसून पुन्हा वाचली.

"म्हणजे हिला आता कोणीच नाही?"

"कोणीच नाही."

"नवस नाही, गाऱ्हाणं नाही, हिच्या नावानं भांडणं नाहीत?"

"नावच माहीत नाही, तर भांडणार कसे?"

"सुटली बिचारी!" आत्या खुशीत म्हणाली. "माझ्यासारखीच. निवृत्त."

दुसऱ्या दिवशी दुपारी आत्या पुन्हा हजर. तिसऱ्या दिवशीही. मग तो रिवाजच पडला. खुर्चीत बसायचं आणि कपाटातल्या बाईशी बोलायचं. शेजारणीच्या नातवाच्या डोक्यात अपूर्णांक कसे शिरत नाहीत, दूध कसं उतू गेलं, जिन्यावरचा दिवा कसा अजून बदललेला नाही. मध्येच स्वतःच्याच बोलण्यावर खुदकन हसायचं.

आता, एक म्हातारी मूर्तीपुढे बसून कुजबुजते आणि हसत घरी जाते, हे लोक बघणार नाहीत होय? देवी जागृत आहे अशी बोलवा झाली. कपाटापुढे फुलं दिसू लागली. कुणाची हरवलेली मांजर परत आली, त्याचं श्रेय देवीला मिळालं. मग तर रांग जिन्यापर्यंत गेली.

"बाई, काचेवर कपाळांचे डाग पडतात. पुसून पुसून माझे हात गळाले," रखवालदारानं भाचीकडे तक्रार केली.

संचालकसाहेब खवळले. "हे वस्तुसंग्रहालय आहे! उद्या सकाळी मूर्ती तळघरात गेली पाहिजे."

भाचीनं चाचरत ही बातमी आत्याला सांगितली. आत्या भडकली, पण संचालकांवर नाही, भक्तांवर. "बाईला एवढ्या वर्षांनी जरा उसंत मिळाली होती, तर लागले लगेच कामाला जुंपायला! थांब, बघते एकेकाला."

सकाळी दार उघडताच आत्या रांगेपुढे उभी राहिली. आवाज वर्गातला.

"ज्यांना काही मागायचंय त्यांनी घरी जा. हिनं काम सोडलंय. ज्यांना काही सांगायचंय तेवढेच थांबा."

"सांगायचं म्हणजे काय, आजी?" एका बसचालकानं विचारलं.

"काल काय झालं ते. मागणं नाही, रडगाणं नाही."

अर्धी रांग कुरकुरत पांगली. बसचालक मात्र डोकं खाजवत पुढे आला. "काल ना... बायको धुणं वाळत घालताना गात होती. बऱ्याच दिवसांनी. मी दाराआड उभा राहून ऐकलं." एवढं बोलून तो लाजला. मागच्या बायका हसल्या, आणि मग त्यांनाही एकेक सांगायला सुचू लागलं.

तेवढ्यात संचालकसाहेब दोन हमाल आणि कापूस भरलेली पेटी घेऊन आले.

"रांगेत या," आत्या म्हणाली.

का कोण जाणे, साहेब गुपचूप रांगेत उभे राहिले. साहेबांची पाळी आली. त्यांनी पेटीकडे पाहिलं, हमालांकडे पाहिलं, घसा खाकरला.

"माझी मुलगी," ते हळूच म्हणाले, "काल सायकलवरून पडली नाही. मी मागून धरणं सोडलं होतं, तरी." आणि कानाच्या पाळ्या लाल करून झपाझप निघून गेले. हमालांनी रिकामी पेटी तशीच परत नेली. दुपारी निरोप आला: मूर्ती जागेवर राहू द्या, फुलं बंद, काचेला कपाळ लावायचं नाही. आणि तिथे आणखी एक खुर्ची ठेवा.

संध्याकाळी भाची आत्याला सोडायला निघाली. "खरं सांग, बसला ना विश्वास?"

"छे गं! ती काय कुणाला वचन देते, की तिच्यावर विश्वास ठेवावा?"

"मग रोज येतेस कशाला?"

आत्यानं पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "घरी बोलायचं कुणाशी, बबडे?"

भाचीनं मागे वळून संग्रहालयाच्या खिडक्यांकडे पाहिलं. याच इमारतीत, दोन मजले वर, ती रोज दुपारी टेबलावर एकटीच घाईघाईनं जेवत होती.

दुसऱ्या दिवशी तिनं डबा दोघींचा आणला. आत्यानं पहिल्याच घासाला भाजीत मीठ कमी असल्याचं सगळ्या कार्यालयाला ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं, आणि शेजारच्या टेबलावरचा कारकून आपली लोणच्याची बाटली घेऊन लगबगीनं उठला.